टाकीजवळचा भुईमूग

फोन पुन्हा तेच म्हणाला. ‘तुम्ही निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात.’

मी चष्मा वर सरकवला आणि ते वाक्य वाल्मीकला मोठ्याने वाचून दाखवलं. तो भुईमुगाच्या सरीत उभा होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, घोट्यापर्यंत हिरवा पाला. एप्रिलचं ऊन सकाळीच पाठीवर चढलं होतं.

“भाईर म्हंजे कुटं भाईर?” तो म्हणाला. “गुरुजी, ह्यो काय भुईमूग न्हाई का?” त्यानं खाली वाकून एक झाड हलवलं, जणू फोनलाच दाखवत होता.

“भुईमूग आहे रे. पण फोनचं म्हणणं, तू तुझ्या रानात उभा नाहीस.”

“मग काय लोकाच्या रानात हाय?”

ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि त्यालाही. मग मी फोन खिशात घातला आणि आम्ही बांधावरच्या करंजाखाली जाऊन बसलो.

वाल्मीक माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. आता साठीला टेकलाय, तरी मला तो अजून पाटी कोपराने पुसणारा मुलगाच दिसतो. कासारसाईच्या धरणाखाली, पाटाला लागून त्याचं हे रान आहे. दर उन्हाळ्यात तो इथं भुईमूग करतो. आजूबाजूला ज्यांनी जमिनी विकल्या त्यांनी विकल्या, ज्यांनी खोल्या बांधल्या त्यांनी बांधल्या. वाल्मीकला भुईमुगाशिवाय काही सुचलं नाही, आणि जयाला, त्याच्या बायकोला, सुचलं तरी ती बोलली नाही.

ह्या वर्षी सरकारनं उन्हाळी भुईमूग करणाऱ्यांना अनुदान जाहीर केलं. अट एकच होती. पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची, आपल्या रानात उभं राहून, उभ्या पिकाचा फोटो काढून. वाल्मीकची विहिरीवरची मोटर होळीच्या सुमारास जळाली होती. शेजाऱ्याची मोटर मागून आणून तो कसंबसं पाणी देत होता, आणि शेजारीही आता तोंड फिरवायला लागला होता. अनुदान आलं की मोटर भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्यायची, एवढा साधा हिशेब. त्याच्याकडे बटणांचा फोन, म्हणून माझा फोन, आणि फोनबरोबर मी.

आता ते उत्तर सांगतो.

वाल्मीकचे वडील गेणबा आणि गावातले विठ्ठलराव हे दोघे जिवाभावाचे मित्र. धरण व्हायच्याही आधीची गोष्ट. गेणबांच्या नावावर वरचा माळ होता, विठ्ठलरावांच्या नावावर ओढ्याकाठचं हे रान. विठ्ठलरावांची जनावरं फार, त्यांना घराजवळचा माळ सोयीचा. गेणबांना ओढ्याची ओल हवी होती. दोघांनी मारुतीच्या पारावर बसून अदलाबदल केली. कागद नाही, शिक्का नाही. आपल्याकडे आलेल्या रानातलं दर वर्षीचं पहिलं पीक दुसऱ्याच्या घरी पोचवायचं, एवढं ठरलं. तेव्हापासून दर वर्षी भुईमूग निघाला की शेंगांची पहिली पाटी विठ्ठलरावांच्या घरी जाते. तिला आम्ही मानाची पाटी म्हणतो. माळावरून गेणबांकडे पहिली नाचणी यायची, पुढं कधी आंबे यायचे.

मग धरण झालं आणि खालच्या रानाला पाट आला. विठ्ठलराव काही बोलले नाहीत. मग हिंजवडी वाढत वाढत आमच्या दाराशी आली, माळाला लागून रुंद रस्ता झाला, आणि विठ्ठलरावांच्या मुलानं, शेखरनं, माळावर भाड्याच्या खोल्या बांधल्या. तेव्हा वाल्मीक काही बोलला नाही. खोल्यांमधून मानाचं पीक काय येणार? ते बंद झालं. शेंगांची पाटी मात्र जात राहिली.

सातबाऱ्यावर सगळं जुनंच होतं. पूर्वी तलाठी चावडीवर बसून विचारायचा, “काय केलंय रे रानात?” सांगेल ते लिहायचा. त्यामुळे कागदावर वाल्मीकच्या माळावर वर्षानुवर्षं भुईमूग उगवत होता, आणि खरं तर तिथं शेखरच्या भाडेकरूंचे कपडे वाळत होते. कोणाला काही अडचण नव्हती. आता मात्र फोनला कोण कुठं उभं आहे ते दिसत होतं.

*

शुक्रवारी ग्रामपंचायतीत कृषी खात्याच्या स्नेहल मॅडम बसतात. मूळच्या अहमदपूरकडच्या, राहायला नेऱ्यात भाड्याच्या खोलीत. वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांच्याकडे इतकी गावं आहेत की स्कूटरवरून उतरताना त्यांना आधी विचार करावा लागतो, आज कुठं आलोय म्हणून.

त्यांनी लॅपटॉपवर नकाशा उघडला. वरून काढलेला फोटो आणि त्यावर गटांच्या पिवळ्या रेघा.

“हा बघा काका, तुमचा गट.”

वाल्मीक वाकून बघत राहिला. पिवळ्या रेघेच्या आत पत्र्याची लांब छपरं होती, एक काळी पाण्याची टाकी, आणि मागं थोडी मोकळी जागा.

“ह्या तर शेखरच्या खोल्या हायेत.”

“कागदावर जमीन तुमची आहे. आणि तुमचा भुईमूग आहे तो विठ्ठलरावांच्या गटात.” त्यांनी कपाळ चोळलं. “असं ह्या आठवड्यात चौथ्यांदा बघतेय मी. आमच्याकडं भाऊ भाऊ भांडतात म्हणून गोंधळ असतो, तुमच्याकडं न भांडल्यामुळं झालाय.”

मी हसलो. वाल्मीक हसला नाही.

“मॅडम, मग आता काय करायचं?”

“मी काय सांगू काका? शेवटची तारीख जवळ आली. सिस्टिम गटाबाहेरचा फोटो घेतच नाही. तुमच्या ह्या गटात भुईमुगाची चार झाडं जरी असती ना, तरी मी डोळे मिटून पुढं पाठवलं असतं.”

एवढं म्हणून त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दमलेलं माणूस बोलतं तसं त्या बोलल्या होत्या. मला ते कळलं. वाल्मीकला ते सरकारी उत्तर वाटलं. शाळेतही तो असाच होता. ‘वही विसरलास तर डोक्यावर लिही’ असं मी एकदा वैतागून म्हणालो, तर हा खरंच कपाळावर खडूनं पाढा लिहून बसला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाचा फोन आला. “गुरुजी, लगोलग या. खोल्यांपाशी. हितं तमाशा झालाय.”

मी चपला घातल्या आणि निघालो. माळाचा चढ हल्ली मला दोनदा थांबवतो.

खोल्यांच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या तुकड्यात वाल्मीक गुडघे टेकून बसला होता. पुढ्यात चार झाडं भुईमुगाची, मुळाशी मातीचे गड्डे तसेच ठेवून लावलेली. बाजूला रिकामं घमेलं. पाटाकाठचं काळं ढेकूळ माळाच्या तांबड्या मुरमात बसवलेलं, ठिगळासारखं दिसत होतं. जया तांब्यानं पाणी घालत होती. भाडेकरू पोरं दारात उभी होती. त्यातला कौस्तुभ नावाचा अकोल्याचा मुलगा तोंडात ब्रश धरूनच म्हणाला, “काका, कुंडीत का नाही लावत?”

आणि समोर शेखर उभा होता, गाडीची किल्ली बोटावर फिरवत.

“वाल्मीकदादा, ह्यो काय खेळ लावलाय?”

“खेळ न्हाई रं. फोटो काढायचाय. अनुदानाचा.”

“माझ्या टाकीपाशी?”

“टाकी तुमची असंल भावजी,” जया म्हणाली. “खालची माती कुणाची हाय ती फोनला इचारा.”

ती बोलून गेली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. तांब्या तिनं हळूच खाली ठेवला. इतकी वर्षं जे दोन्ही घरांत कुणीच बोललं नव्हतं, ते सकाळच्या उन्हात, भाडेकरूंच्या देखत बोललं गेलं होतं.

आमच्याकडे जमिनीचं भांडण बहुतेक पेरणीनंच सुरू होतं. कोणाला एखाद्या तुकड्यावर हक्क सांगायचा असला की तो आधी तिथं काहीतरी लावतो. पोरंही ओळखतात. शेखरची किल्ली फिरायची थांबली.

“आस्सं हाय व्हय! म्हंजे कब्जा टाकायचाय. आज चार झाडं, उद्या बांध, परवा कोर्ट.”

“कब्जा टाकायला मी घमेलं घिऊन येईन व्हय रं येड्या?” वाल्मीक उठत म्हणाला. “मॅडमच म्हणल्या, चार झाडं असली तरी चालत्यात.”

“कोन मॅडम? मला भेटवा. आन ऐका, तुमी जर हितं कागद दाखवणार, तर मलाबी दाखवता येतो. पाटाखालचं रान आबांच्या नावावर हाय. उद्याच्याला तारेचं कंपाउंड घालतो. भुईमूग काढायला माझ्या फाटकातनं यावं लागंल.”

ते नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. पुण्याचा एक माणूस गेले काही महिने शेखरकडे खेपा घालत होता. त्याला धरण दिसेल अशा जागी बंगले बांधायचे होते, आणि धरण सगळ्यात चांगलं दिसतं ते वाल्मीकच्या भुईमुगातून. विठ्ठलराव विषय निघाला की ऐकू न आल्यासारखं करायचे, म्हणून ते अडलं होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं, वाल्मीकलाही. तो त्याबद्दल बोलायचा नाही, एवढंच.

“रान घेतलंस तर ह्या खोल्या माझ्या व्हत्याल की रं,” वाल्मीक म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती. गणित जमलं की नाही विचारावं तसा तो बोलला.

“घ्या की! पत्रं काढून न्हितो मी, मुरूम तुमचा. बंगलेवाला जे देतोय त्यापुढं ह्या खोल्या काय?”

“मला मुरूम घिऊन काय करायचाय?” वाल्मीक म्हणाला, आणि एकाएकी फार थकल्यासारखा दिसला.

शेखरही माझ्याकडेच शिकलेला, वाल्मीकच्या मागून बऱ्याच वर्षांनी. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, “शाळा सुटली. घरी जा.” पूर्वी ह्यावर मुलं हसायची. शेखर गाडी चालू करून निघून गेला. वाल्मीक फोटो न काढताच चालू लागला. झाडं तशीच राहिली. त्या झाडांना आऱ्या सुटल्या होत्या, फुलातून निघून जमिनीकडे झुकणारे ते बारीक दांडे. ते आता मुरमात शिरायची वाट शोधत होते.

*

संध्याकाळी आम्ही विठ्ठलरावांकडे गेलो. नवीन घर, पुढं गुळगुळीत फरशीचा ओटा. विठ्ठलराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, कानाला यंत्र, मांडीवर विझलेली विडी. शेखर दाराच्या चौकटीला टेकून उभा. जया आली नाही. म्हणाली, माझ्या तोंडाचा मलाच भरवसा न्हाई.

मी सगळं सांगितलं, हळू आणि मोठ्याने. अनुदान, फोटो, गट, टाकी. विठ्ठलरावांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“वाल्मिक्या,” ते म्हणाले, “एवढ्यासाठी झाडं उपटून माळावर न्हेलीस? आऱ्या सुटलेली?”

“न्हेली आबा.”

“गेणबानं तुला जोड्यानं हानला असता.”

“मला बी तसंच वाटलं.”

म्हातारा जरा हसला. मग म्हणाला, “ह्यात अवघड काय हाय? रान माझ्या नावावर. मी उभा ऱ्हातो फोटोला. पैसं माझ्या खात्यात येत्याल, ते तुला देतो. झालं.”

“आबा म्हणत्यात ते बराबर,” शेखर लगेच म्हणाला. “उद्या सकाळीच उरकू. मी गाडी काढतो.”

सकाळी तारेचं कंपाउंड घालणारा माणूस संध्याकाळी गाडी काढायला तयार झाला, हे मला खटकलं. वाल्मीकला नाही. त्याला हायसं वाटलं होतं. परतताना तो भराभर चालत होता, मोटर कोणाकडे भरायला टाकायची ते सांगत होता. मारुतीच्या पाराजवळ मी त्याला थांबवलं.

मुलाचं गणित चुकलं की मी कधी लगेच खोडत नसे. आधी विचारायचो, हे उत्तर कसं आलं? तसंच त्याला विचारलं. “वाल्मीक, उद्या फोनमध्ये काय लिहिलं जाईल, सांग बरं.”

“भुईमूग हाय म्हणून.”

“कोणी केलेला?”

त्यानं मागं वळून विठ्ठलरावांच्या घराकडं बघितलं.

“रान विठ्ठलरावांचं, हे कागद आधीपासून म्हणतोच,” मी म्हणालो. “पण कसतो कोण, हे आजवर कागदानं नीट कधी सांगितलं नाही. उद्या ते विठ्ठलराव स्वतः रानात उभे राहून, फोटोसकट सांगतील. मग पुढं कोणी विचारलं की इतकी वर्षं हे रान कोण करतंय, तर तू कशाकडं बोट दाखवशील?”

पारावर बसून त्यानं टॉवेल सोडला आणि पुन्हा गुंडाळला. बराच वेळ गुंडाळत होता.

“दुसरं काई हाय का?”

दुसरं होतं. शेतकऱ्यांनी तोंडी केलेली अदलाबदल नाममात्र खर्चात कागदावर आणायची सोय सरकारनं केली आहे. मंडल अधिकारी येऊन बघतो, पंचनामा करतो, मग तालुक्याला, पौडला जाऊन दस्त करायचा. दोन्ही घरांनी राजी व्हावं लागतं. आणि वेळ लागतो. अनुदानाची तारीख तोवर थांबणार नव्हती.

“म्हंजे आनुदान सोडायचं.”

“मी सोड म्हणत नाही. काय होईल ते सांगतोय.”

“तुमी आमच्या लहानपणीबी असंच करायचा गुरुजी,” तो उठत म्हणाला. “उत्तर कवाच सांगायचा न्हाई.”

*

सकाळी शेखरनं खरंच गाडी आणली. बांधापर्यंत. विठ्ठलरावांना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही रानात उतरवलं. किती वर्षांनी ते तिथं आले होते कोण जाणे. पाटाकडे बघत राहिले, मग भुईमुगाकडे. जया लांब उभी होती, पदर तोंडाला लावून.

शेखरनं स्वतःचा फोन काढला. त्यानं सगळं आधीच भरून ठेवलं होतं, गट, पीक, नाव. “आबा, हिकडं बघा. हात झाडाला लावा जरा.”

“थांब,” वाल्मीक म्हणाला.

“आता काय?”

“फोटू नगं.” तो शेखरशी नाही, म्हाताऱ्याशी बोलत होता. “आबा, मला आनुदान नगं. मोटर न्हाई भरली तर न्हाई भरली. पर हितं कसनारा म्हणून तुमचं नाव लागलं, तर मी कोन? तुमी हाय तवर ठीक हाय. तुमच्या माघारी मला ह्या रानात उभं कोन करील?”

पाटापलीकडे कोणाची तरी मोटर चालू होती, तेवढाच आवाज. विठ्ठलरावांनी कानातलं यंत्र चाचपलं. मला वाटलं, ऐकूच आलं नाही. मग ते सावकाश शेखरकडे वळले.

“म्हणून व्हय रं एवढ्या सकाळी गाडी पुसलीस?”

शेखर फोनकडे बघत राहिला. “तुमीच म्हणला व्हता आबा, फोटोला उभा ऱ्हातो म्हणून.”

“मी म्हणलो. मला काय कळतंय त्यातलं? तुला कळत व्हतं.” त्यांनी झाडावरचा हात काढून घेतला. “मला सावलीत न्या.”

करंजाखाली टॉवेल अंथरून त्यांना बसवलं. त्यांना धाप लागली होती. पाणी प्यायले. मग मला म्हणाले, “गुरुजी, ते अदलाबदलीचं कागदावर न्यायचं काय म्हणतायत लोक? मला नीट सांगा. मला शाळा न्हाई.”

मी काटकी घेतली आणि मातीत दोन चौकोन काढले. एकात गेणबांचं नाव लिहिलं, दुसऱ्यात त्यांचं. मग नावं पुसून एकमेकांच्या चौकोनात लिहिली. एवढंच करायचं आहे, म्हणालो. विठ्ठलराव चौकोनांकडे बघत होते. वाचता येत नव्हतं, पण कुठली रेघ कोणती हे ते चटकन समजले.

“माझ्याच्यानं व्हईल तेवढं करतो,” ते म्हणाले. “पर मला गाडीत घालून कोन न्हेणार पौडला, ते ह्याला इचारा.”

शेखर गाडीकडे चालू लागला होता.

*

अनुदानाची तारीख गेली. स्नेहल मॅडमनी एकदा फोन करून विचारलं, “काकांचं झालं का?” मी नाही म्हणालो. “बरं,” म्हणाल्या, आणि त्या ‘बरं’मध्ये त्यांचा सगळा आठवडा होता. तरी त्यांनी मंडल अधिकाऱ्यांना सांगून ठेवलं. ते एका दुपारी आले, दोन्ही रानं बघितली, पंचांच्या सह्या घेतल्या, ताक पिऊन गेले. पुढं पौडला जायचं राहिलं. एकदा शेखरला नांद्यात काम निघालं. एकदा गाडी गॅरेजला होती. एकदा म्हाताऱ्याला ताप आला, तो मात्र खरा होता. वाल्मीक दर वेळी धुतलेला सदरा घालून सकाळीच तयार व्हायचा आणि दुपारी तो काढून ठेवायचा.

शेजाऱ्यानं मोटर परत नेली. वरच्या अंगाच्या चार सऱ्या वाळल्या. जया रोज त्या सऱ्यांकडे पाठ करून गवत काढायची.

मे सरता सरता भुईमूग निघाला. बायका ओळीनं बसून झाडं उपटत होत्या, शेंगा तोडून पाटीत टाकत होत्या. गावातली लहान मुलं सरवा वेचायला आली होती, म्हणजे मातीत राहिलेल्या शेंगा. मी त्यांना बांधावर बसवून विचारत होतो, शेंग फुलातून येते मग मातीत कशी सापडते? कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि सगळ्यांना एकदम सांगायचं होतं.

जयानं पहिली पाटी भरली. भरताना म्हणाली, “ह्या सालीबी द्यायची का?”

“द्यायची,” वाल्मीक म्हणाला.

“गाडीला येळ न्हाई त्यांच्या.”

“पाटीला गाडी लागत न्हाई. मी डोक्यावर न्हेतो.”

तो पाटी उचलणार, तेवढ्यात बांधावर गाडी थांबली. शेखर एकटाच उतरला. त्याच्या हातात जेवण घरपोच देतात त्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती. सगळ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या, त्यानं तो जास्तच अवघडला.

“आबांनी पाठवलंय,” तो वाल्मीकला म्हणाला आणि पिशवी पुढं केली.

आत शेंगा होत्या. ओंजळभर. तांबडा मुरूम चिकटलेल्या, बुटक्या, अर्ध्याअधिक पोचट.

“टाकीपाशीच्या?” जयानं विचारलं.

“मग कुटल्या?” शेखर वैतागून म्हणाला. “मी उपटून टाकणार व्हतो. म्हातारा रोज संध्याकाळी काठी टेकत जायचा आन प्लॅस्टिकच्या मगानं पाणी घालायचा. भाडेकरू पोरांनाबी नादाला लावलं. तो अकोल्याचा सुट्टीला गेला तर मला फोन करतोय, दादा, शेंगदाण्याला पाणी टाकलं का? आज आबांनी मलाच उपटायला लावलं. म्हणले, माळावरचं पहिलं पीक हाय, गेणबाच्या घरी दिऊन ये.”

वाल्मीकनं पिशवीत हात घातला, एक शेंग काढली आणि फोडली. आत एकच दाणा होता, बारीक, सुरकुतलेला. त्यानं तो तोंडात टाकला.

“कसा हाय?” शेखरनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

“कडू हाय.”

“व्हयच. मीबी खाल्ला.”

जया हसली, मग ओळीतल्या बायकाही हसल्या. शेखरनं मानाची पाटी उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, आणि माती सांडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र सारलं. गाडीत बसून त्यानं काच खाली केली.

“सोमवारी आधार कार्ड घिऊन रस्त्यावर उभं ऱ्हावा. दोघंबी. गुरुजींनाबी घ्या, साक्षीला. आबांना मी आणतो.” थोडं थांबून तो म्हणाला, “आन लवकर. पौडला सर्व्हर दुपारी बंद पडतो.”

गाडी गेली. वाल्मीक पिशवी हातात धरून तसाच उभा होता. मग सरवा वेचणाऱ्या मुलांना त्यानं जवळ बोलावलं आणि त्या शेंगा एकेक करून वाटल्या. पुरल्या नाहीत. शेवटच्या पोरीला त्यानं आपल्या रानातली दिली.